विखुरलेली

रात्रीचे साडेनऊ. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावची शाळा,
बास्केटबॉलच्या पिवळ्या रेघांवर टेबलं मांडलेली.
यंत्राने लांबलचक पावती ओकली आणि ते गप्प झालं:
एकशे एक्कावन्न. एकशे सत्तेचाळीस.
तीन कोऱ्या.
उरल्या त्या, ज्या यंत्राला वाचता येत नाहीत.
छापील दोन नावांखालची रिकामी ओळ
ज्यांनी आपल्या हाताने भरली.

मी वाचायचं, पा हुआ व्हांगने रेघा मारायच्या,
ड्वेन स्कॉगस्टॅडने साक्षीदार म्हणून बसायचं
आणि बिस्किटं संपवायची.

एक मत, कुणीच नाही.
एक मत, लव्हर्न टॉर्गरसन. अक्षरही लव्हर्नचंच,
ही त्याची चौथी निवडणूक.
एक मत, बिस्मार्क.
"कुत्रा आहे तो," ड्वेन म्हणाला. "चांगला कुत्रा आहे."
एक मत, माफ करा.
एक मत, पूल.

पा हुआची पेन्सिल थांबली.
"पूल?"
पूल. पुढच्या चिठ्ठीवरही पूल.
पुढच्या दोन सोडून पुन्हा, ओढ्यावरचा पूल,
एकीवर शुद्धलेखन चुकलेलं, एकीवर उद्गारचिन्ह.
तीन वर्षांपूर्वीच्या पुरात गेलेल्या पुलाला
एकूण सात मतं.

पुलाने अर्ज भरलेला नाही.
पुलाला पक्ष नाही, अनामत नाही, बायकोसोबतचा फोटो नाही.
नियमाप्रमाणे अशांसाठी एकच रकाना असतो,
त्याचं नाव "विखुरलेली".
पुलाशेजारी कुत्रा, कुत्र्याशेजारी माफी.
बेरीज अकरा.

आमची आई म्हणायची, दगडापेक्षा वीट मऊ.
म्हणजे असंच काहीतरी नॉर्वेजियनमध्ये म्हणायची.
चाळीस वर्षं मी वीट निवडली,
उशाला घेतली, झोपले.
मान अवघडली की कूस बदलायची,
तर त्या बाजूला दगड.

गेल्या वर्षी चर्चच्या स्वयंपाकघराला रंग द्यायचा होता.
तपकिरीला एकोणीस हात वर,
पिवळ्याला सोळा, फिक्या निळ्याला पंधरा.
पिवळेवाल्यांना निळा चालला असता,
निळेवाल्यांना पिवळा.
पण "नाहीतर काय चालेल?" हे विचारायची
पद्धत नव्हती आमच्यात.
एकतीस जणांना सहन न होणाऱ्या तपकिरी भिंतींमध्ये
आम्ही अजून बटाटे सोलतो.

चार मतांचा फरक.
उद्या सकाळी कॅफेत हरलेले म्हणतील,
त्या सात जणांनी घात केला.
जिंकलेले म्हणतील, त्या सात जणांना अक्कल नाही,
पण सूर जरा मवाळ असेल.
दोघं एकाच किटलीतली कॉफी ओततील
आणि दोघांपैकी कुणीही
पुलाचं नाव काढणार नाही.

सातवी चिठ्ठी वाचताना
माझा आवाज अगदी सपाट होता.
काळी शाई, डावीकडे झुकलेलं अक्षर.
पा हुआने ते ओळखलं असावं,
दर महिन्याला तिच्या मुलीला मी वाढदिवसाची, परीक्षेची,
कसलीतरी चिठ्ठी लिहितेच.
तिने रेघ मारली. मान वर केली नाही.
"विखुरलेली," ती म्हणाली, "अकरा."
मी सही केली. ड्वेनने सही केली, बोटांना साखर.

परतताना सवयीने जुन्याच रस्त्याला लागले.
आता अठरा मैलांचा वळसा आहे, हे गाडीला कळतं,
हातांना अजून कळत नाही.
दिव्यांच्या झोतात तो कठडा आला:
डावीकडे एकाची पाटी, उजवीकडे दुसऱ्याची,
दोन्ही नव्याकोऱ्या, दोन्ही चिखलात नीट रोवलेल्या,
आणि मधोमध
रस्ता बंद.

खाली पाण्याचा आवाज येत होता.
थोडा वेळ इंजिन बंद करून बसले.
मग गाडी मागे घेतली.