हवा

मागचं डावं चाक आधी.
सगळ्यात लांबचं ते आधी, असं ढोके मिस्त्री सांगायचे.
लांबचं राहून गेलं की जवळचं कितीही करा, वाया.

ओम्नी अंगणात. पुढच्या चाकांना विटा,
चेसिसखाली बाभळीचा ठोकळा,
कारण जॅकचा भरवसा धरायचा नसतो.
ड्रम काही केल्या निघेना. कपडे धुवायच्या मोगरीनं
फिरवत फिरवत ठोकला तेव्हा सुटला,
आत काळी भुकटी.
ती फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची.
लायनर झिजून पत्र्याला टेकलेले,
सिलिंडरचं रबर फुगून पाझरत होतं, कोण जाणे किती दिवस.
परतवाड्याहून किट आणली, नवे शू आणले.
स्प्रिंग ओढून बसवताना अंगठ्याचं साल गेलं.

इथपर्यंत एकट्यानं होतं.
हवा काढायला दोन माणसं लागतात.

मंदा अंगणवाडीच्या मीटिंगला, पोरगा शाळेत.
घरात बाबा.
बत्तीस वर्षं एसटी चालवलेले,
एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर.
"पाय तं शाबूत हाये ना," म्हणाले,
आणि पायरीशी चप्पल काढून
देवळात शिरावं तसे स्टिअरिंगमागे बसले.

मी चाकाशी, कुशीवर.
निपलला सलाइनची नळी, नळीचं टोक बाटलीत.
दाबा.
दाबा.
धरा.
आठचा पाना पाव फेरा.
चहासारखं तेल, त्यात बुडबुडे.
घट्ट.
आता सोडा.

"कापूस लागते नुसता," वरून आवाज. "लय हवा हाये."

दाबा. दाबा. धरा.

"पाना गुलाबचा हाये ना रे तो?"

त्यांना तिथून दिसत नव्हता. दिसलाही नसता.
हो म्हणालो.
दांड्यावरचा डेपोचा नंबर कानशीनं घासून काढलेला,
नोकरी गेली त्या आठवड्यात ढोके मिस्त्रींनी
माझ्या हातावर ठेवलेला. मी नववीत होतो.

"घटांगच्या उताराले ब्रेक लागले नाही,
असं म्या लिहून देल्लं होतं."

हे मला माहीत होतं. पथ्रोटात सगळ्यांनाच माहीत होतं.
गाडी पुलाच्या कठड्यावर,
कंडक्टर इंगळ्यांचा हात तीन ठिकाणी मोडलेला.
चौकशीत लायनरचा कागद निघाला,
कागदावर सही मिस्त्रींची.

"ब्रेक लागत होते," बाबा म्हणाले.
"माहा डोया लागला होता."

नळीतून तेल उतरत होतं.
शेजारच्या पेरूवर पोपटांचा गलका,
आणि माझ्या हातात पाना, पाव फेरा उघडा.

"सोडू काय?"

निपल उघडं असताना पाय उचलला
की जेवढी काढली तेवढी हवा परत आत जाते.
"थांबा," मी म्हणालो. "इतक्यात नका सोडू."
बाबांनी सोडला नाही.
पेडल फ्लोअरला टेकलं तरी दाबून होते,
दाराखालून त्यांची पोटरी थरथरताना दिसत होती.

मग मी घट्ट केलं.

उजवं मागचं, डावं पुढचं, शेवटी आपल्या बाजूचं.
मधे डबीत तेल टाकत राहिलो,
रंगावर सांडलं ते पाण्यानं धुतलं.
आम्ही दोघं तेच तीन शब्द बोलत होतो,
चार चाकं होईस्तोवर.

"दगड झाला आता," बाबा म्हणाले.

गाडी काढली. बाबा डाव्या सीटवर.
आधी गल्लीत, पहिल्या गिअरमध्ये, दोनदा धरून पाहिले.
फाट्यावर मी वळवून परत आणणार होतो.
"अचलपूरकडं घे."
"आता?"
"बिलनपुऱ्यात. सायकलचं दुकान हाये त्याचं,
मस्जिदीच्या अलीकडं."
तिकडे ते कधी गेल्याचं मला आठवत नाही.

अकरा वर्षांची ओम्नी, चाळीसच्या वर नेली नाही.
सोबत काय घ्यावं हे सुचलं नाही, काही घेतलं नाही.
बोळ आला. दुकानाचं शटर अर्धं वर,
बाहेर उलटी ठेवलेली सायकल, एक चाक फिरत.

मी अजून ब्रेकवर पाय ठेवला नव्हता.
शेजारी बाबांची उघडी टाच
रबरी मॅटमध्ये रुतलेली,
जिथे पेडल नाही, तिथे.