चौकटी

सोहारच्या इस्पितळात त्यांनी मला एक डबा दिला,
पांढरा, कोरा, वर नुसतं एक अक्षर: एम.
आणि एक वही. पानभर चौकटी,
पाच-पाच मिनिटांची एकेक.
रडला तर पेन्सिलीनं काळी करायची,
कुरकुरला तर तिरपी रेघ,
झोपला तर मोकळी सोडायची.

डॉक्टर बुथैना म्हणाली, डब्यात काय आहे
ते मलाही सांगितलेलं नाही.
कदाचित जिवंत जंतू, भले, दह्यातल्यांचे चुलतभाऊ,
कदाचित नुसतीच भुकटी.
आपण कुणीच माहीत करून घ्यायचं नाही.
मी सही केली.
तीन दिवस मी ताटावर बसून जेवले नव्हते,
तिनं कशावरही सही घेतली असती.
(माझं दूध दुसऱ्याच महिन्यात आटलं.
त्याला वहीत चौकट नव्हती.)

नाव निषाद ठेवलं, हौसेनं.
आता भोगा, म्हणाला दीपंकर,
खाली उतरायचं नावच नाही.
मगरिबची बांग संपली की हा सुरू व्हायचा,
पाय पोटाशी, मुठी घट्ट,
चेहरा पिकल्या मिरचीसारखा.
दीपंकरची रात्रपाळी नसली की आम्ही गाडी काढायचो.
गोल चक्करांवर झोपायचा,
सिग्नलला गाडी थांबली की जागा.
एका रात्री तेवढ्यासाठी
आम्ही एकाच चक्कराला अकरा फेऱ्या मारल्या.
मी मागच्या सीटवर, मोबाईलच्या उजेडात,
अकरा फेऱ्यांच्या तीन चौकटी मोकळ्या सोडल्या.

चिपळूणहून व्हिडिओवर सासूबाई:
वेखंड उगाळ, डिकेमाली दे,
आम्ही काय डबे पाजून पोरं वाढवली?
घुटी नियमात बसत नव्हती.
सहाण कपाटात, कपड्यांखाली, पालथी.
पण हिंग मी लावला, बेंबीभोवती, कोमट,
आणि सकाळी 'इतर' या रकान्यात लिहिलं:
हिंग. बाहेरून. एकदा.
नर्स मेरिबेलनं विचारलं, हे काय?
मी पुढच्या खेपेला डबी नेली.
तिनं वास घेतला, डोळे मिटले,
आणि बराच वेळ काहीच टिपून घेतलं नाही.

वरच्या मजल्यावर रम्ला, तिरूरची.
तीही याच अभ्यासात, तिची मुलगी वीस दिवसांनी धाकटी.
नवव्या दिवशी तिची मुलगी गप्प झाली.
जिन्यातून कान लावून ऐकलं, खरंच गप्प.
माझ्या वहीत त्या दिवशी
सदतीस काळ्या.

रात्री दहाला मी वाटी घेऊन वर गेले,
साखर मागायला जातात तशी.
दार उघडून रम्लानं आधी वाटी पाहिली, मग मला.
काही बोलली नाही. ओट्यावरून आपला डबा आणला,
चमचा आत घातला,
मग डबा फिरवून लेबल माझ्याकडे केलं.
एम.
तिच्या डब्यावरही एम.
मी वाटी उपडी धरली,
दोघी तशाच उभ्या राहिलो, ओट्याला टेकून.
मग तिनं काळा चहा टाकला, लिंबू पिळून,
त्याला साखर मात्र घातली.

पुढचं मला नीट सांगता येत नाही.
एकदम थांबला नाही तो.
सदतीसच्या एकोणतीस झाल्या, मग चाळीस, मग बारा.
उन्हाळा चढला, बंदराकडून गरम वारा,
एसीच्या पाण्याची बादली भरून वाहायला लागली.

शेवटच्या आठवड्यात मेरिबेल वही तपासत होती.
मंगळवारी, दोन ते पाच, छत्तीस चौकटी मोकळ्या.
तिनं विचारलं, तीन तास झोपला?
मी म्हटलं, ठाऊक नाही.
मी झोपले होते.
ती पेन्सिल धरून थांबली.
काळी की मोकळी, तिसरं काही नव्हतं त्या वहीत.
मी म्हटलं, मोकळीच असू दे,
पण त्याच्या नावावर नको धरूस,
माझ्या नावावर धर.