एफाभर सातू

रविवारी रूबेन पाळक त्या परदेशी सुनेवर बोलले,
सासूमागे आलेली,
दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी.
चांगलं बोलले. मध्येच वीज गेली, माइक मेला,
तर घसा ताणून बोलले,
आणि शेवटचं घाईत उरकलं:
बाकीचं घरी वाचा.

घरी वाचलं.
संध्याकाळी तिने वेचलेलं झोडपलं
तर एफाभर सातू निघाले.
तिथेच बसून राहिले.
सोमवारी पथारीवर मिरचीचे देठ खुडताना एफा,
मंगळवारी एफा.
"काय बडबडी ऱ्हायनी वं?" झिपरीबाईने विचारलं.
"माप शे एक," म्हटलं,
"कितलं ते माहीत नई."

बुधवारी पाळकांच्या दारात गेले.
वाटलं, म्हणतील, उपदेश पुरला नाही का?
पण ते हसले,
लोखंडी कपाट उघडलं, आणि म्हणाले,
रविवारची भाकर सहा दिवस कशी पुरेल, बाई.
घे बघून. तुला झेपेल ते ने.

पहिलं पुस्तक पाच खंडांचं,
एकेक खंड विटेएवढा.
तळटिपांत मुंग्यांसारखी परकी अक्षरं.
पाळकांच्या पेन्सिलीच्या खुणा
एकतिसाव्या पानावर थांबल्या होत्या.
मी काही बोलले नाही.
तेही नाही.

दुसरं चकचकीत.
दर ओवीला तीन बोध, प्रत्येक बोध
"म्हणून आपणही" ने सुरू.
मी अजून विचारायची होते,
त्याआधीच त्याचं उत्तर संपलेलं.
एफाचं मात्र नाव नाही.

तिसऱ्याला पुठ्ठाच नव्हता,
पाठीला गव्हाच्या खळीने चिकटवलेला वर्तमानपत्राचा तुकडा.
कोणी लिहिलं, ते पान गेलेलं.
मराठी आपल्या घरातलं, वाक्यं आखूड.
एका जागी चक्क लिहिलेलं:
याचा अर्थ मला नीट लागलेला नाही.
हेच न्यायचं, तिथेच ठरलं.
ज्याला कळलं नाही म्हणता येतं
त्याचं कळलेलं मी धरून चालेन.

रात्री चिमणीएवढ्या दिव्यात पान काढलं.
एफा: धान्याचं माप.
सातू असतील तर अंदाजे तेरा किलो.
बस. एवढंच. पुढच्या ओवीवर गेला तो माणूस.

मी नाही गेले.
मला किलोवर पैसे मिळतात.
दिवसभर वाकून किती भरतं
हे माझ्या कमरेला विचारा.
लहानपणी आईबरोबर भुईमुगाच्या शेतात
काढणीनंतर राहिलेल्या शेंगा वेचल्या आहेत मी,
संध्याकाळी दोघींचा मिळून पदरभर, तोही मातीसकट.
आणि ही एकटी,
एका दिवसात,
झोडपून, पाखडून, निव्वळ तेरा किलो?

नाही होत.
कुणीतरी टाकल्याशिवाय नाही होत.

परत वर गेले बोटाने,
धनी गड्यांना सांगतो तिथे:
पेंढ्यांतून मुद्दाम काढून टाका, तिला बोलू नका.
किती टाकलं ते त्याने सांगितलं नव्हतं.
ते मापात होतं.
सासूने ते ओझं बघितलं असेल
आणि नुसत्या वजनावरून
सगळं ओळखलं असेल.

गुरुवारी झिपरीबाईला सांगितलं.
तिने हातातलं देठ टाकलं, थोडा वेळ गप्प,
मग म्हणाली, आपला मुकादम नई टाकाव.
हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

रविवारी पाळकांना गाठलं दाराशीच.
ते चपला काढता काढता थांबले,
खिशातली वही काढली, तेरा किलो लिहिलं,
आणि विचारलं, भुईमूग किती म्हणालीस?

पुस्तक अजून माझ्याकडेच आहे.
हात तेलाने चोळून, ताकाने धुऊन मगच धरते,
तरी त्या पानाच्या कोपऱ्यावर
माझ्या अंगठ्याचा लाल डाग उतरलाच.
देईन परत कधीतरी.
पुढचा वाचणारा
तेरा किलोपाशी पोचला की शिंकेल.