बारा वर्षांआधीचं धरत नाहीत

फॉर्मात विचारलंय : खेळाडू तुमच्याकडे
कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत.
मी शिरोड्याच्या मिठागरात एकवीस वर्षं
गोणी मोजल्या. तारीख, वजन, सही,
हे माझ्या हाताला नवं नाही.
पण निहाल तारी आला ती तारीख
कुठेच नाही.

आला म्हणजे, बॉल आगरात गेला होता.
हा चड्डी वर धरून खाऱ्या पाण्यात उतरला,
बॉल घेऊन आला
आणि परत दिला नाही.
नऊ वर्षांचा असेल.

असोसिएशनचे शिरसाट फोनवर म्हणाले,
"बाराव्या वर्षापासून मोजा. त्याआधीचं धरत नाहीत."
मी म्हटलं, त्याचा डावा पाय त्याआधीचा आहे.
ते हसले. माणूस चांगला आहे.
"पायाचा कॉलम नाही, आरोसकर."

मग मांडला हिशेब. बारा ते सतरा.
बॉल सोळा, त्यातले चार कुंपणाच्या तारेवर गेले.
बूट दोन जोड, एक माझ्या भाच्याचा,
पुढे कापूस कोंबून.
सावंतवाडीची एस. टी., जाऊन येऊन.
उकडलेली अंडी. गुडघ्याचा एक एक्स-रे.
पावसाळ्यात मैदानाचं तळं होतं तेव्हा
सराव मासळीच्या लिलाव-शेडमध्ये.
शेड सोसायटीची, भाडं त्यांनी कधी घेतलं नाही,
ते कुणाच्या नावे टाकू?
आणि कैतान मास्तर, ज्यांनी एक अख्खं वर्ष
त्याचा डावा पाय बंद ठेवला
उजवा जागा व्हावा म्हणून,
आणि घेतला फक्त चहा, तोही बिनसाखरेचा?

मिठाचं असं असतं :
भरतीचं पाणी आत घ्यायचं, दार लावायचं,
बघत बसायचं.
बिलात मजुरी येते, बारदान येतं.
ऊन येत नाही.

गुरुवारी पुण्याहून फोन. फार गोड आवाज.
"सर, एक छोटंसं पत्र हवं. हक्क सोडला म्हणून.
मुलाच्या भल्याचंच आहे.
मागे भरपाई असली की आमचे वरचे लोक कचरतात."
बघतो म्हटलं.
रात्री पत्र लिहूनही ठेवलं, वळणदार अक्षरात.

सकाळी बाजारात गेलो. वनिता तारी
बांगड्यांवर पाणी शिंपडत होती.
सगळं सांगितलं. ती म्हणाली,
"म्हंजे माझ्या झिलाक इकलास?"
नाही गो. शिकवल्याचे पैसे.
"कोणाक?"
क्लबाला.
"आणि माका?"
तुला काही नाही.
तिने एका गिऱ्हाइकाला वाटा बांधून दिला,
सुटे परत केले, हात पुसले.
"मगे सोडू नको," म्हणाली.
"मी बांगडो फुकट दिलंय
तर लोक पयलो वास घेतत."

पत्र फाडलं नाही. रजिस्टरात ठेवलंय घडी घालून.
मी तितका शूर नाही.
फॉर्म मात्र पाठवला, पोस्टातून, पावती घेऊन.
रकमेत एक शून्य जास्त वाटलं.
पुन्हा मोजलं. बरोबर होतं.

अजून उत्तर नाही.
निहाल रात्री फोन करतो. सांगतो,
मैदान हिरवं आहे, सपाट, दिव्यांचं,
आणि बॉल बाहेर गेला की लगेच दुसरा देतात.
आणायला कुणी जात नाही.
हे त्याने दोनदा सांगितलं.

काल संध्याकाळी रेडकरांची पोर,
आठेक वर्षांची, कुणी न सांगता
आगरात उतरली बॉलमागे.
मी रजिस्टर उघडलं.
ओल्या पायांनी तशीच उभी केली, नाव विचारलं.
सांगेना. बॉल पोटाशी धरून बघत राहिली.
तारीख तेवढी लिहिली.