बाल्दो, गॅस.

वाल्पाराइसोच्या या टेकडीवर माझं दुकान.
खाली बंदर, वर पत्र्याची घरं,
मध्ये मी आणि माझी सुई.
गिऱ्हाईक येतं ते बहुतेक ठरवूनच:
नांगर, पाकोळी, कुणाचं तरी नाव
जे पुढच्या वर्षी गुलाबाखाली झाकायचं असतं.
मी विचारत नाही.

बाल्दोमेरो मात्र तीनदा आला,
तीनदा नुसता बसून गेला.
वय एकाहत्तर. एकोणतीस वर्षं
टेकडीची दोरखंडावरची गाडी वरखाली केलेली,
त्यामुळे घाई ठाऊक नाही.
बायको गेली मे महिन्यात, थंडी पडायच्या सुमारास.
मुलगी म्हणाली, आईचं नाव गोंदवून घ्या.
तो म्हणाला, नाव कशाला?
नाव मी विसरलोय का?

पहिल्यांदा भिंतीवरची चित्रं पाहिली,
चष्मा वर, चष्मा खाली.
हृदयापाशी थांबून म्हणाला, बटाटा आहे हा.
दुसऱ्यांदा तिचा फोटो आणला
आणि परत खिशात घातला.
"माझ्या कातडीवर तिलाही सुरकुत्या पडतील,
मला शिव्या देईल."

तिसऱ्यांदा बिस्किटांचा डबा.
वरच्या थरात पत्रं,
तो उत्तरेला तांब्याच्या खाणीत होता तेव्हाची.
लांबलचक वाक्यं, समुद्र, चंद्र, तुझीच ओन्दिना.
मी म्हटलं, घ्या की यातली एक ओळ.
त्यानं पत्र नाकाशी धरलं, घडी घातली.
"हे फार आधीचं, पोरी.
तेव्हा ती मला ओळखत नव्हती."

खालच्या थरात चिठ्ठ्या.
पावाच्या पिशवीचे तुकडे, वीजबिलाची पाठ.
कांदे. मऊ आणू नकोस.
मांजरीला दोनदा देऊ नकोस, ती खोटं बोलते.
आणि एक तेलकट, चिकटपट्टीसकट
शेगडीमागच्या भिंतीवरून सोलून आणलेली:
बाल्दो, गॅस.
एवढंच. पुढचं टिंब इतकं दाबून
की कागदाला भोक.

"हे," तो म्हणाला.

मी सांगितलं, जे सगळ्यांना सांगते:
ही काळ्या दगडावरची रेघ, काका.
आणि तुमची कातडी सिगारेटच्या कागदाएवढी,
शाई फुटेल.
आठ दिवस नुसता छाप घेऊन फिरा.
मनगटावर छाप उमटवला,
हातावर तिचं हस्ताक्षर,
तो बाही न सोडता टेकडी चढून गेला.

पाचव्या दिवशीच परत. मनगट कोरं.
"भांडी घासताना गेलं.
तरी शेगडीपाशी उभा राहिलो की बघतो इथे."
मग गोंदायचं कशाला? मीच विचारलं,
स्वतःच्या धंद्याच्या मुळावर उठून.
तो बंदरातल्या क्रेनकडे बघत राहिला.
"ती कुठलीच गोष्ट
एकदा सांगून थांबायची नाही."

नियम असा, की अक्षरांचं तोंड जगाकडे.
त्याला उलटी हवी होती, स्वतःकडे.
"लोकांना नाही सांगत ती."
वीस मिनिटांचं काम, मी पाऊण तास लावला.
त्याचा हात हलला नाही,
माझा मात्र एकदा थांबला.
टिंबाशी आले तेव्हा म्हणाला,
"इथे जोर लाव. इथेच तिचा आवाज आहे."

बाहेर गॅसवाल्याचा ट्रक चढण चढत होता,
सिलिंडरवर लोखंड आपटत, टण टण.
आम्ही दोघांनीही मान वर केली.

माझ्या हातांवर आता जागा नाही:
मासे, सुरा, शिकताना बिघडलेली तीन फुलपाखरं.
फक्त डावं मनगट अकरा वर्षं रिकामं ठेवलंय,
काहीतरी अर्थाचं सापडेल म्हणून.
त्या रात्री घरी सिलिंडर बंद केला,
अंथरुणातून उठून पुन्हा पाहिला,
आणि अंधारात मोजत बसले
मला रागावणारी माणसं.
बोटं उरली.