बर्फाची रेघ

रोपवाटिकेतल्या पोरीने बजावलंच होतं,
"फोर्सिथिया आहे आजी, मरायची नाही.
फुलेल का, ते मात्र हिवाळ्याला विचारा."

आमच्या व्होरूच्या हिवाळ्याला कोण काय विचारणार!
उणे अठ्ठावीसला तो बोलायला लागला
की विहिरीचा दोरसुद्धा काठीसारखा ताठ.

पहिल्या वर्षी नुसती पानं.
दुसऱ्या वर्षी गुडघ्याखाली पिवळी झालर,
वर सगळ्या मुक्या कामट्या.
कापडाचा काठ तेवढा विणून
कुणी मागावरून उठून जावं, तसं.

कात्री घेऊन गेले. वरची कळी नखाने फोडली,
आत तपकिरी भुगा.
खालची हिरवी, ओलसर.
तेव्हा कळलं, ही रेघ कशाची आहे.
पांघरूण जिथवर पुरलं, तिथवर फूल.

तिसऱ्या हिवाळ्यात शेजारचा एंडेल
पहाटे पाचला मोटार मोकळी करायचा
आणि आपल्या अंगणातला सगळा बर्फ
कुंपणावरून माझ्या झुडपावर.
एक फांदी मोडली.
"वाऱ्याने पडतोय," म्हणाला.
वाऱ्याच्या हातात फावडं कुणी दिलं, मी विचारलं.
चार महिने अबोला.
त्याच्या बायकोने, लाइनेने, काळा पाव पाठवला,
तो दारातूनच परत केला.
(खरं सांगते, वास दिवसभर छळत होता.)

मे उजाडला.
घराच्या बाजूला तीच झालर, गुडघ्याखाली.
कुंपणाच्या बाजूला खांद्यापर्यंत पिवळं,
तिरकं उतरत आलेलं,
ढिगाचा उतार होता तस्सं,
एकेका फेकीचा हिशेब ठेवून.
मोडकी फांदीही सालीच्या चिंधीवर लोंबकळत
फुललेली, निर्लज्ज.

एंडेल कुंपणाशी आला. टोपी काढली. खोकला.
मी काही बोलले नाही.
आभार मानावेत तर भांडण खोटं ठरतं,
आणि तेही मी मेहनतीने वाढवलेलं.
लाइनेला मात्र दोन फांद्या दिल्या.
पाव आला. या खेपेला ठेवून घेतला.

आता डिसेंबर. पहाटेचे पाच.
फावड्याची खरखर.
मी खिडकी उघडून ओरडले, रीतीप्रमाणे.
तो थबकला, फावडं हवेतच.

"थांबलास काय?
घराच्या बाजूला जरा कमी पडतोय."