एरंडेल

नायनाला ऐकू येत नव्हतं.
बावीस वर्षं मागांमध्ये उभं राहून
दोन्ही कान धोट्याला देऊन आला होता तो.
म्हणून इंजिन तो दातांनी ऐकायचा:
पान्याचं एक टोक हेडवर, दुसरं दाढेखाली,
डोळे मिटलेले.
"पोर्ट केसभर कमी आहे," म्हणायचा
आणि कानस मागायचा.

अशोक चौकातल्या एका खोलीत
चादरींच्या गठ्ठ्यावर सिलिंडर,
परातीत रॉकेल, रॉकेलमध्ये साखळी.
आई भाकरी थापता थापता म्हणायची,
हे एरंडाचं गुऱ्हाळ संपणार कधी?
आणि खरंच एरंडेलच होतं ते.
वीसाला एक, पेट्रोलात.
माप माझ्याकडं.
नाक दाबून आम्हाला पाजायचे तेच तेल
जळलं की इतकं गोड वास द्यायचं
की गल्लीतली पोरं धुरामागं पळायची.

सायलेन्सर त्यानं स्वतः वळला.
रद्दीत एक पान सापडलं होतं,
कुठल्या थंड मुलखातली गाडी, पोटफुगी नळी.
सातवीतल्या माझ्या इंग्रजीला निम्मं कळलं,
त्याला नुसत्या चित्रावरून सगळं.
नरसाळ्याला उलटं नरसाळं जोडत म्हणाला,
"जाणाऱ्याला दारापर्यंत जाऊ द्यायचं,
मग हाक मारायची.
वळून येतो ना, तो जोर."

ज्वारी निघाली की होटगीकडच्या काळ्या रानात
फक्कीची रेघ पडायची.
येझदी, राजदूत, चार-पाच आरएक्स,
आणि आमची सतरा नंबरची,
आकडा चादरीच्या रंगानं काढलेला.
चालवणारा इलाही नदाफ,
एरवी गाद्या पिंजायचा,
पापण्यांवर कायम कापूस.

त्या दिवशी तो पुढं होता.
नायना वळणावर उकिडवा,
तळहात भेगाळल्या जमिनीवर.
पाचव्या फेरीला कुणाला काही कळायच्या आत
तो उठून दोन्ही हात हलवायला लागला,
बंद कर बे, बंद कर,
आवाज बारीक झालाय.
इलाहीला कशाचं दिसतंय.
चाक जागच्या जागी थांबलं, इलाही नाही थांबला.

गळ्याचं हाड मोडलं. दोन महिने पिंजण खुंटीला.

रात्री नायनानं पिस्टन काढला,
ओरखड्यांवरून अंगठा फिरवला,
माझ्याकडं बघितलं,
बराच वेळ.
मग इलाहीच्या बापाला जाऊन सांगितलं,
पोर्ट मीच जास्त घासला.

पुढं चार फटक्यांच्या गाड्या आल्या.
एका स्फोटाला दोन फेऱ्या.
"एक दिवस काम, एक दिवस रजा,
सरकारी नोकर आहे हा," नायना म्हणायचा.
मग आमचा गटच काढून टाकला शर्यतीतून.
गिरणीचा भोंगाही त्याच सुमाराला बंद झाला,
तो त्याला तसाही ऐकू येत नव्हता.
तरी सातला उठून बसायचा.

पिस्टन टीव्हीवर असतो. त्यात आई सुया ठेवते.

काल तिच्या गुडघ्यांना एरंडेल चोळत होतो.
पंखा बंद, बाहेर चव्वेचाळीस.
वास घेत ती म्हणाली,
"त्या दिवशी किती टाकलं होतंस रे?"

तीस वर्षं झाली.
बाटलीचं बूच माझ्या हातात.
"हा गुडघा झाला," ती म्हणाली, "आता तो."